शत्रूच्या घरी राहायला गेलेली पोरं

डिसेंबर-जानेवारी आला की आमच्या टेबलावर बातम्यांचा एक ठरलेला गठ्ठा येतो. 'अमुक विद्यालयाची शैक्षणिक सहल उत्साहात संपन्न.' सोबत फोटो. एसटीसमोर ओळीत उभी पोरं, मधे मुख्याध्यापक, कडेला दोन शिक्षिका. वीस वर्षं या बातम्या छापतोय, आता मजकूर न वाचताही लिहू शकतो. रायगड, प्रतापगड, नाहीतर कोकणातला समुद्र.

यंदा त्या गठ्ठ्यात एक चकचकीत रंगीत पत्रक होतं. एका खासगी शाळेचं. शाळेचं नाव सांगत नाही, कारण अशा शाळा आता प्रत्येक तालुक्यात आहेत. 'इंटरनॅशनल कल्चरल एक्स्चेंज टूर.' पाच रात्री, चांगलं हॉटेल, मॉल, थीम पार्क, आणि शेवटच्या दिवशी तिथल्या एका शाळेला दोन तास भेट. फी छापली नव्हती. ऑफिसात संपर्क साधा, एवढंच.

राग आला असं नाही. ज्याला परवडतं त्याने जावं. पण ते 'दोन तास' डोक्यात राहिले. एक्स्चेंज म्हणजे देवाणघेवाण. तिथली किती पोरं आपल्या तालुक्यात येणार, कुणाच्या घरी जेवणार, याबद्दल पत्रकात अक्षर नव्हतं. आणि मला एकदम १९६३ सालची गोष्ट आठवली. डिप्लोमा करताना आमच्या सरांनी सांगितली होती, नंतर मी स्वतः बरंच वाचलं. जरा लांब आहे, सावकाश वाचा.

२२ जानेवारी १९६३. पॅरिसमधला एलिझे राजवाडा, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान. टेबलाशी दोन म्हातारे. एक शार्ल द गॉल, वय ७२. दुसरे पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर, वय ८७. दोघांनी एका करारावर सह्या केल्या आणि उंच द गॉलनी वाकून आडेनाउअरना मिठी मारली.

ही मिठी केवढी मोठी होती ते कळायला मागचं माहीत हवं. फ्रान्स आणि जर्मनी म्हणजे बांधावरून पिढ्यानपिढ्या डोकी फुटलेली भाऊबंदकी समजा. १८७०, १९१४, १९४०. सत्तर वर्षांत तीन युद्धं. अल्सेस-लॉरेन हा मधला पट्टा १८७१ ते १९४५ या काळात चार वेळा इकडून तिकडे गेला. तिथल्या एखाद्या म्हातारीने घराचा उंबरा न ओलांडता चार वेळा देश बदलला असेल.

द गॉल स्वतः १९१६ च्या मार्चमध्ये व्हर्डनच्या लढाईत, दुओमाँ गावापाशी जखमी होऊन जर्मनांच्या हाती सापडले. युद्ध संपेपर्यंत कैदेत होते, पळून जायचे बरेच प्रयत्न केले, प्रत्येक वेळी पकडले गेले. दुसऱ्या युद्धात त्यांनी लंडनहून जर्मनांविरुद्ध लढा चालवला. आडेनाउअर हे कोलोनचे महापौर. १९३३ मध्ये नाझींनी त्यांना खुर्चीवरून हाकललं, पुढे तुरुंगातही टाकलं. म्हणजे दोघांपैकी कुणालाही युद्ध पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

तरी माझ्या मते खरी सुरुवात या दोघांनी केली नाही.

१९४५ च्या ऑक्टोबरमध्ये, युद्ध संपून सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा जोसेफ रोव्हाँ नावाच्या माणसाने एका फ्रेंच मासिकात लेख लिहिला. मुद्दा असा की उद्याचा जर्मनी कसा असेल, हे आपण फ्रेंच आज त्याच्याशी कसे वागतो यावर ठरेल. हे लिहिणारा कोण? म्युनिकमध्ये जन्मलेला, ज्यू मुळाचा, फ्रान्समध्ये पळून आलेला, प्रतिकार चळवळीत पकडला गेलेला आणि डाखाऊच्या छळछावणीतून जिवंत परतलेला माणूस. त्याने सूड मागितला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

दुसरा माणूस म्हणजे माँबेल्यार या फ्रेंच गावाचा महापौर, ल्युसियाँ थारादाँ. हा बुखेनवाल्डच्या छावणीत होता. १९५० मध्ये त्याने जर्मनीतल्या लुडविग्सबुर्गशी आपल्या गावाचं नातं जोडलं. दोन्ही देशांमधली ही पहिली जुळी गावं. गावकऱ्यांना ते सगळ्यांना पटलं असेल असं मी म्हणणार नाही. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्या घरातला माणूस परत आला नाही, त्यांच्यासमोर उभं राहून हे बोलायला काय लागत असेल, याचा विचार करा. आपल्याकडे ग्रामसभेत रस्त्याच्या रुंदीकरणावरून काय होतं ते आपण बघतोच.

बारा वर्षांनी, १९६२ च्या सप्टेंबरमध्ये, द गॉल याच लुडविग्सबुर्गला गेले. राजवाड्याच्या अंगणात जर्मन तरुण जमले होते. द गॉलनी अख्खं भाषण जर्मनमध्ये केलं, पाठ करून. तुम्ही तरुण आहात म्हणून अभिनंदन, आणि तरुण जर्मन आहात म्हणूनही अभिनंदन, अशा अर्थाचं ते बोलले. एका मोठ्या राष्ट्राची मुलं आहात, ज्या राष्ट्राने इतिहासात मोठ्या चुकाही केल्या, हेही त्यांनी गाळलं नाही. १९४५ नंतर जर्मन पोराला बाहेरच्या कुणी, तेही फ्रेंच सेनानीने, 'तू जर्मन आहेस हे चांगलं आहे' असं म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती.

मग जानेवारीत करार झाला. त्यात तीन विषय होते: परराष्ट्र धोरण, संरक्षण, आणि शिक्षण व तरुण. पहिल्या दोन विषयांची लगेच रड सुरू झाली. जर्मन संसदेने मंजुरी देताना करारापुढे आपली प्रस्तावना चिकटवली. अमेरिका आणि नाटो यांच्याशी आमचं नातं आहे तसंच राहील, असा तिचा सूर. द गॉलना नेमकं तेच नको होतं. जुलैच्या सुरुवातीला ते वैतागून म्हणाले की करार म्हणजे तरुण पोरी आणि गुलाबांसारखे, टिकतील तेवढे दिवस टिकतात. आडेनाउअरना गुलाबांचा भारी नाद, घरी स्वतःची बाग. त्यांनी उत्तर दिलं की गुलाबांतलं मला कळतं, आणि ज्याला जास्त काटे तेच झाड जास्त टिकतं.

याच आठवड्यात, ५ जुलै १९६३ ला, बॉनमध्ये एक कागद सही झाला. फ्रेंच-जर्मन युवा कार्यालय. मोठी राजकीय स्वप्नं अडखळत असताना हे ऑफिस मात्र गुपचूप उघडलं, आणि आजही चालू आहे. आत्तापर्यंत ९० लाखांहून जास्त तरुणांनी त्याच्या मदतीने एकमेकांच्या देशात जाऊन राहणं, शिकणं, काम करणं केलंय.

आता या ऑफिसची रचना बघा, कारण गंमत तिथेच आहे.

पैसे दोन्ही सरकारं समसमान देतात. कुणी कुणावर उपकार करत नाही. ऑफिस स्वतः सहली काढत नाही. शाळा, क्रीडा मंडळं, जुळी गावं, तरुणांच्या संस्था आपापला कार्यक्रम ठरवतात, ऑफिस त्यांना प्रवासाला हातभार लावतं आणि माणसं तयार करतं. आणि शाळकरी पोरांसाठीचा सगळ्यात साधा नियम म्हणजे घरच्या बदल्यात घर. जर्मन मुलगी तीन महिने फ्रेंच मैत्रिणीच्या घरी राहते, तिच्याच वर्गात बसते. मग ती फ्रेंच मैत्रीण तीन महिने हिच्या घरी येते. राहण्या-जेवण्याचे पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत. या कार्यक्रमाला ब्रिजिट सोझे यांचं नाव आहे. फ्रेंच राष्ट्राध्यक्ष मित्तराँ यांच्या त्या दुभाषी होत्या, पुढे जर्मन चॅन्सेलरांच्या सल्लागार झाल्या. याहून लांबचा, सहा महिने इकडे आणि सहा महिने तिकडे असा कार्यक्रम २००० साली सुरू झाला, त्याला व्हॉल्टेअरचं नाव दिलंय.

घरच्या बदल्यात घर या नियमाने दोन गोष्टी होतात. एक, खर्च तिकिटापुरता उरतो, त्यामुळे साध्या नोकरदाराच्या पोरालाही दार उघडं होतं. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. तुम्ही नुसते पाहुणे राहत नाही, यजमानही होता. परक्या पोराला आपल्या घरात तीन महिने सांभाळायचं म्हणजे त्याचं खाणं, त्याचं रुसणं, त्याचा आजार, सगळं आलं. हॉटेलात राहून यातलं काही कळत नाही.

थोडा हिशोब करा. १९६४ मध्ये पंधरा वर्षांचा जो मुलगा गेला, तो १९४९ चा. त्याचे वडील साधारण चाळिशीचे. म्हणजे युद्धात ऐन विशीत. यजमान घरातला बापही त्याच वयाचा. रात्री जेवायला बसल्यावर समोरच्या भिंतीवर गणवेशातल्या कुणाचा तरी फोटो असणार. पोरगं विचारणार, हे कोण? या एका प्रश्नासाठी शिक्षक लागत नाही आणि पाठ्यपुस्तकही लागत नाही. उत्तर मात्र कुणाला तरी द्यावं लागतं.

इथवर वाचून वाटेल की भेटीगाठी घडवल्या की वैर संपतं. थांबा. इतिहास एवढा सरळ नाही.

१९३० च्या उन्हाळ्यात ब्लॅक फॉरेस्टमधल्या झोलबर्ग इथे फ्रेंच आणि जर्मन तरुणांचं मैत्री शिबिर भरलं होतं. शेकोटी, गाणी, चर्चा, सगळं होतं. आयोजक ओटो आबेट्स नावाचा जर्मन चित्रकला शिक्षक. दहा वर्षांनी हाच आबेट्स नाझींनी व्यापलेल्या पॅरिसमध्ये हिटलरचा राजदूत होता. त्याच्या जुन्या फ्रेंच मित्रांपैकी पत्रकार जाँ ल्युशेर जर्मनांचा हस्तक झाला आणि १९४६ मध्ये देशद्रोहासाठी गोळ्या घालून मारला गेला. (आमच्याच धंद्यातला माणूस, म्हणून नाव लक्षात राहिलं.) म्हणजे शिबिर, गाणी आणि मैत्री यांचा वापर कुणीही करून घेऊ शकतो. १९६३ चं ऑफिस दोघांच्या समान पैशावर, दोघांच्या समान मतावर आणि एका सरकारच्या प्रचारापासून लांब ठेवलं गेलं, त्यामागे हा अनुभव होता असं मला वाटतं.

शिवाय पोरं भेटली की पूर्वग्रह जातोच असं नाही. कधीकधी तो घट्ट होतो. 'म्हणतात तसेच आहेत हे' असं म्हणत पोरगं परत येतं. हे त्या ऑफिसच्याही लक्षात आलं, म्हणून त्यांनी संशोधकांना कामाला लावलं, गटाबरोबर जाणारी माणसं शिकवून तयार केली. भाषेसाठी जोडीची पद्धत आणली: एक जर्मन, एक फ्रेंच, दोघं एकमेकांचे गुरुजी. अर्धा वेळ तू चुकणार, अर्धा वेळ मी. चुकायची पाळी दोघांवर येते, त्यामुळे कुणी मोठा राहत नाही.

आणि जागेवर जाऊन शिकणं. व्हर्डन. १९१६ च्या फेब्रुवारी ते डिसेंबर या दहा महिन्यांत इथे दोन्ही बाजूंची मिळून सुमारे ३ लाख माणसं मेली. दुओमाँच्या अस्थिगृहात ओळख न पटलेल्या सुमारे १ लाख ३० हजार सैनिकांची हाडं आहेत, फ्रेंच आणि जर्मन एकत्र, कारण वेगळी काढणं शक्यच नव्हतं. खालच्या बुटक्या खिडक्यांमधून ती दिसतात. समोर १६ हजारांहून जास्त फ्रेंच थडगी. आसपासची नऊ गावं पार पुसली गेली. फ्लरी हे त्यातलं एक. तिथे आज घर नाही, माणूस नाही, गल्ली कुठे होती ते सांगणाऱ्या खुणा आहेत फक्त. पण गाव सरकारी दप्तरात जिवंत आहे आणि त्याला अजूनही महापौर नेमला जातो. शून्य लोकसंख्येच्या गावाचा महापौर! तोफगोळ्यांनी झालेले खड्डे शंभर वर्षांनंतरही गवताखाली उंचसखल दिसतात. दोन्ही देशांची पोरं एकत्र त्या खड्ड्यांतून चालतात तेव्हा 'आपले किती मेले' हा प्रश्न विचारायला जीभ वळत नसणार.

२०१६ च्या २९ मे रोजी, शताब्दीच्या कार्यक्रमात, याच थडग्यांमधून ३,४०० फ्रेंच-जर्मन पोरं धावत सुटली. रंगीत टीशर्ट, ढोलांचा आवाज. फ्रान्समध्ये मोठा गदारोळ झाला. कबरस्तानात पळापळ, हा मेलेल्यांचा अपमान आहे, असं पुष्कळ जण म्हणाले. तो आक्षेप मला सरसकट खोटा वाटत नाही. आपल्याकडे एखाद्या समाधीजवळ असं झालं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको. पण तो प्रसंग बसवणारा दिग्दर्शक कोण होता? फोल्कर श्लोन्डॉर्फ, 'द टिन ड्रम' या ऑस्कर मिळालेल्या सिनेमाचा. हा जर्मन मुलगा १९५० च्या दशकात शाळकरी वयात थोड्या दिवसांसाठी म्हणून फ्रान्समधल्या एका निवासी शाळेत गेला आणि साधारण दहा वर्षं तिथेच राहिला. त्याला त्या थडग्यांमध्ये त्याच वयाची पोरं पळवावीशी वाटली. सैनिकही जवळपास त्याच वयाचे होते.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. २००३ च्या जानेवारीत, कराराला चाळीस वर्षं झाली म्हणून बर्लिनमध्ये दोन्ही देशांच्या शाळकरी पोरांची 'संसद' भरली. असल्या कार्यक्रमात काय होतं आपल्याला माहीत आहे, भाषणं आणि नाश्ता. पण या पोरांनी एक मागणी केली: आम्हाला दोघांना इतिहासाचं एकच पुस्तक द्या. सरकारांनी ती मनावर घेतली. २००६ मध्ये १९४५ नंतरच्या काळावरचा पहिला भाग आला, २००८ मध्ये दुसरा, त्यात दोन्ही महायुद्धं, आणि २०११ मध्ये प्राचीन काळापासून सुरू होणारा तिसरा. मजकूर तोच, एक आवृत्ती फ्रेंच, एक जर्मन. वर्गात ते फार चाललं नाही. जर्मनीतल्या १६ राज्यांचे अभ्यासक्रम वेगवेगळे, फ्रान्सचा तिसराच, त्यात पुस्तक बसेना. फ्रान्समध्ये जर्मन शिकणाऱ्यांचं प्रमाणही गेल्या काही दशकांत घटलंय, पोरं इंग्रजी आणि स्पॅनिशकडे जातात. तरी ते पुस्तक छापलं गेलं. लढाई कुणी सुरू केली, यावर एकाच पानावर दोघांना सही करता आली.

आता खाली कमेंटमध्ये कोणीतरी 'भारत-पाकिस्तान' लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो. १९६३ ला हे ऑफिस उघडलं तेव्हा दोघांमधला सीमेचा प्रश्न उरलेला नव्हता. कोळसा आणि पोलाद यांचा कारभार १९५१ च्या कराराने एकत्र आला होता. सारलँडचा वाद लोकांच्या मतदानानंतर मिटून तो प्रदेश १९५७ मध्ये जर्मनीत गेला होता. एक देश पूर्ण हरला होता आणि आपला गुन्हा नाकारत नव्हता. आधी कोळसा, मग सीमा, मग पोरं, असा तो क्रम होता. पोरांना शत्रूच्या घरी पाठवून सीमेचे तंटे सुटतात, असं हा इतिहास सांगत नाही. तंटा सुटल्यावरही मनं आपोआप जुळत नाहीत, त्याला दरवर्षी पैसे, माणसं आणि कंटाळवाणं ऑफिसकाम लागतं, एवढं मात्र सांगतो. पुढे जर्मनी आणि पोलंडने १९९१ मध्ये असंच ऑफिस काढलं. २०१६ मध्ये बाल्कनमधल्या देशांनी काढलं, तेही युगोस्लाव्हियाच्या फाळणीतल्या रक्तपातानंतर वीसेक वर्षांनी.

मग आपलं काय? पाकिस्तान राहू द्या. 'एक भारत श्रेष्ठ भारत' योजनेत महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत होतं? मी पत्रकार असून मला उशिरा कळलं. माझ्याकडे त्याच्या बातम्या येतात त्या 'ओडिशाच्या नृत्याचे सादरीकरण' अशा. साडीतल्या आपल्याच मुली, फोटो, संपलं.

खरी देवाणघेवाण आपल्याकडे एकच आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. जवाहर नवोदय विद्यालयं. नववीत गेल्यावर हिंदी भाषक राज्यातली साधारण ३० टक्के पोरं वर्षभरासाठी बिगरहिंदी राज्यातल्या नवोदयमध्ये जातात आणि तिकडची इकडे येतात. एका वर्षासाठी पोरगंच्या पोरगं बदलतं. विमान नाही, मॉल नाही, पत्रक नाही. शेतकऱ्याचं, शेतमजुराचं पोर सरकारी खर्चाने परक्या भाषेच्या मुलखात जाऊन वर्षभर राहतं. पालक रडतात, पोरं रडतात, काही जण नाव कमी करायचा विचार करतात. आमच्या गल्लीतला एक जण गेला होता. परत आला तेव्हा महिनाभर तिकडच्या ढंगाची हिंदी बोलायचा आणि आम्ही त्याला चिडवायचो. आज ट्रकची एजन्सी चालवतो. उत्तरेकडचा ड्रायव्हर गावी मयत झालं म्हणून सुट्टी मागायला आला की हा त्याच्याशी ज्या बोलीत बोलतो, ती त्याने नववीत शिकलेली आहे.

त्या खासगी शाळेच्या पत्रकाची बातमी मी अजून लावलेली नाही. फोन करून विचारलं, तिकडची मुलं आपल्याकडे कधी येणार? समोरच्या मॅडम एक क्षण थांबल्या आणि म्हणाल्या, 'सर, तसं काही पॅकेजमध्ये नाहीये.'

तुमच्यापैकी कुणी नववीत नवोदयमधून बाहेरच्या राज्यात गेलं असेल, किंवा तुमच्या वर्गात तिकडचं कुणी आलं असेल, तर कमेंटमध्ये लिहा. पहिल्या आठवड्यात जेवणाचं काय झालं, भांडण कशावरून झालं, कोणती शिवी आधी शिकलात, सगळं लिहा. पुढची पोस्ट त्यावरच करतो.